विषय: पुन्हा तेच! एएलटी, बारा वर्षं आणि सेमी-इंग्रजी

अमृता:
मंडळी, एप्रिलमध्ये एएलटी (शाळेतले सहायक इंग्रजी शिक्षक) म्हणून जपानला येणाऱ्या दोघांची, एक मुलगी आणि एक मुलगा, कागदपत्रं सीओईसाठी (व्हिसाआधी लागणारं पात्रता प्रमाणपत्र) या शुक्रवारी जायची आहेत. मुलीचं सगळं पूर्ण आहे. मुलाच्या शाळेच्या पत्रात नुसतं "सेमी-इंग्रजी" लिहिलंय आणि कंपनी म्हणते, माध्यम स्पष्ट लिहून आणा. मुख्याध्यापक "इंग्रजी माध्यम" असं लिहून द्यायला तयार आहेत. घ्यायचं का तसं?

सुधीर:
अजिबात घेऊ नकोस. सरकारी शाळेत एएलटी म्हणून जायचं तर "क्योइकु" (शिक्षण) व्हिसा लागतो. परवानाधारक शिक्षक नसलेल्यांसाठी त्याची अट आहे की जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं हवं. इंग्रजी हा विषय घेतला होता म्हणून ती वर्षं मोजली जात नाहीत.

आता या मुलाचा हिशोब बघ. अकरावी-बारावी सायन्स 2, इंजिनिअरिंग 4, मास्टर्स 2, म्हणजे वादातीत वर्षं 8. पाचवी ते दहावीची सहा धरली तर 14 होतात. म्हणजे सगळा डोलारा त्या सहांवर उभा आहे आणि त्या सहांत गणित-विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. दहावीच्या मार्कशीटवर मराठी प्रथम भाषा म्हणून छापलेली असणार. तीच मार्कशीट आणि "इंग्रजी माध्यम" म्हणणारं पत्र एकाच फायलीत गेलं, तर बघणाऱ्याला विसंगती शोधावीही लागणार नाही. खोट्या कागदावर मिळालेला व्हिसा इथे आल्यानंतरसुद्धा रद्द होतो.

मीनल:
सुधीरदादा, नियम बरोबर आहे, पण त्याला एएलटीच का व्हायचंय? पदवी आहे. खासगी संभाषणवर्गाची नोकरी धरली तर "गिजुत्सु, जिनबुन चिशिकी, कोकुसाई ग्योमु" (तंत्रज्ञान, मानव्यविद्या, आंतरराष्ट्रीय सेवा) या व्हिसावर येता येतं आणि त्याच्या निकषांत ही बारा वर्षांची अट नाही. भाषा शिकवण्याच्या कामाला पदवीधरांना तीन वर्षांच्या अनुभवाचीही अट माफ आहे. नोकरी देणारे काय मागतील ते वेगळं.

आणि अमृता, कागदपत्रांचे प्रश्न आधी कागदपत्र गटाकडे पाठवायचे असं गणेशोत्सवानंतरच्या बैठकीत ठरलंय. एकदम सगळ्यांच्या मेल-यादीवर आले की जुनी माहिती नव्याने फिरत राहते.

सुधीर:
गटाकडे पाठवलं तर आठवडाभर उत्तर येत नाही, म्हणून लोक इथे विचारतात. असो. संभाषणवर्गाचा मार्ग चांगलाच आहे, फक्त त्या व्हिसावर नंतर सरकारी शाळेत जाता येत नाही, व्हिसाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. उलटंही तेच. एएलटीने संध्याकाळी खासगी वर्गात पैसे घेऊन शिकवायचं, तर आधी इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढायची. नोकरी बदलली की 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. हे मात्र दोन्ही व्हिसांना लागू.

रोहिणी:
मुलीचं सगळं पूर्ण आहे म्हणताय, पण शाळेच्या जेवणाचं कुणी बोललंय का तिच्याशी? ती शाकाहारी आहे. प्राथमिक शाळेत एएलटीला बऱ्याचदा वर्गातच मुलांबरोबर जेवायला बसवतात. मिसो सूपमध्ये मासा डोळ्यांना दिसत नाही, पण दाशी (सूप-भाज्यांत घालायचं सार) बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या माशाची असते. "मांस नको" एवढंच सांगितलं की सूप आणि उकडलेल्या भाज्या समोर येणारच. "निकु (मांस), साकाना (मासे), दाशी" अशी तिन्ही नावं घेऊन सांगायचं. पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांना, म्हणजे क्योतो-सेन्सेईंना भेटून डबा आणायची परवानगी घ्यायची आणि जेवणाचे पैसे कापू नका हेही तेव्हाच बोलायचं. मुलांसमोर ताट परत केलं की वर्गशिक्षकांची पंचाईत होते, कारण पानात टाकू नये हे ते मुलांना रोज शिकवत असतात.

नितीन:
रोहिणीताई, डब्याचं पटलं. उपमुख्याध्यापकांच्या त्याच भेटीत वर्गाचंही विचारून घ्यावं. मुख्य शिक्षक जपानी असतो, तास प्राथमिकला 45 मिनिटांचा, माध्यमिकला 50. एएलटीच्या वाट्याला बहुधा उच्चार येतात आणि तिथे आपल्या मराठी सवयी आड येतात. आपण "पेन" कोरड्या प ने म्हणतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प सोबत हवेचा झोत असतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, "पेन" म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे. आपल्या प ने ती जागची हलत नाही. मुलांनाही हाच खेळ द्यावा, हसतखेळत बरोबर उच्चार येतो.

दुसरं व. "व्हेरी" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासून सोडायची. जपानी मुलं तिथे ब म्हणतात आणि आपला व ओठ दातांना नीट न टेकवताच निघतो, त्यामुळे शिक्षक आणि मुलं दोघंही चुकतात. "स्ट्रीट"चं "सुतोरीतो" झालं तर सबंध शब्द पुन्हापुन्हा म्हणवून घेऊन उपयोग नाही. आधी नुसता लांब स्, मग स्ट्, मग पुढचं. मध्ये स्वर घुसला की तिथेच थांबवायचं.

मीनल:
नितीन, उत्तम. पण विषय पत्राचा आहे, शुक्रवार तोंडावर आलाय.

अमृता:
हो, तेच. मग पत्रात नेमकं काय लिहून घेऊ?

सुधीर:
शाळेच्या लेटरहेडवर, इयत्तावार. पहिली ते चौथी सर्व विषय मराठीतून. पाचवी ते दहावी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, आठवड्याच्या तासिकांसह. खाली शिक्का, सही, तारीख. ज्युनिअर कॉलेज आणि विद्यापीठ यांची पत्रं वेगवेगळी, प्रत्येकात शिक्षणाची भाषा आणि कधीपासून कधीपर्यंत ते. प्रत्येकाला जपानी भाषांतर जोडायचं.

मुख्याध्यापकांना आजच फोन करायला सांग, नाताळच्या सुट्टीत कार्यालय बंद मिळेल. सीओईला एक ते तीन महिने धरतात, तेव्हा जानेवारी उलटला तर एप्रिल हुकला.

मीनल:
पत्र असंच घ्या, पण एएलटीच्या भरवशावर राहू नका. संभाषणवर्गांना त्याचा अर्ज याच आठवड्यात जाऊ दे. अमृता, त्याचा बायोडेटा मला पाठव, गटातर्फे आजच बघते.