हार्लेच्या रोड किंग बाइकला स्वस्तात स्ट्रेच्ड (लांबवलेल्या) सॅडलबॅग, एबीएस प्लॅस्टिकच्या घेऊ की इथेच फायबरच्या बनवून घेऊ?

मांजलपूरचा_रायडर
नमस्कार मंडळी, बडोद्यातून लिहितोय. २०१२ ची रोड किंग आहे, बॅगर लुक करायचाय, म्हणजे मागच्या बॅगा लांब आणि खाली उतरलेल्या हव्यात. बाहेरून एबीएसच्या, पेंट न केलेल्या मागवता येतात पण भाडं आणि कस्टम जोडलं की डोळे फिरतात. मकरपुरा जीआयडीसीत एक फायबरवाला म्हणतो ओरिजिनलवरून मोल्ड काढून बनवून देतो. बायकोला घेऊन पावागड, केवडिया असं फिरणं असतं. ४ इंच घेऊ की ६?

जुना_बॅगर
आधी सायलेन्सर कुठला ते बघा, मग इंच. दोन्ही बाजूंनी पाइप असेल तर दोन्ही बॅगांना खालून कट लागतो, टू-इनटू-वन (दोन पाइप एकात जोडून एकच सायलेन्सर) असेल तर फक्त उजवीला, आणि हे चुकलं की बॅग फुकट गेली समजा. दुसरं, २०१४ ला हार्लेने झाकण आणि लॅच पूर्ण बदललं, त्यामुळे तुम्हाला १९९३ ते २०१३ वाल्याच बॅगा बसतील, जाहिरातीत नुसतं 'टूरिंगला फिट' लिहिलं असेल तर घेऊ नका. साइड कव्हरपण स्ट्रेच्ड लावणार असाल तर ती २००९ नंतरची बघा, त्या वर्षी फ्रेम बदलली. आणि बाहेरून मागवताना वजन नाही, खोका मोजतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, रिकाम्या बॅगेचं भाडं म्हणूनच एवढं येतं. ड्यूटीसुद्धा मालाची किंमत, भाडं आणि विमा या सगळ्यावर लागते.

फायबर_दादा
मी एफआरपीच्याच, म्हणजे फायबरच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, लोकल बनवायला काहीच हरकत नाही, बडोद्यात कारागीर चांगले आहेत, फक्त काम बघून घ्या. बिजागरी, लॅच आणि ब्रॅकेटच्या भोकांपाशी ४५० ग्रॅमची ग्लास फायबर मॅट जास्तीची टाकायला सांगा, तडा तिथूनच जातो. आतून हात लावून बघा, चिकट लागलं किंवा वास भपकन आला तर रेझिन अजून पूर्ण पिकलेलं (कडक झालेलं) नाही, पेंटला देऊच नका. जेलकोटमधली (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरातली) बारीक भोकं, म्हणजे पिनहोल, पुट्टीने भरून घासावी लागतात, पेंटरची मजुरी त्यातच जाते, स्वस्त बॅग तिथेच महाग होते बघा. एबीएसला घासणं कमी, पण प्लॅस्टिकचा प्रायमर हवाच नाहीतर पापुद्रे निघतात. झाकण मात्र ओरिजिनलच ठेवा, बॉडी कुणीही बनवेल, झाकणाची सील रेषेत बसवणं अवघड असतं आणि आपल्याकडचा पाऊस माहितीये ना. सायलेन्सरच्या बाजूला आतून हीट शील्ड लावा.

अलकापुरी_ट्विन
इंचाचं मी सांगते. बायको मागे आणि बॅगा भरलेल्या, असं दोघं बसून मागचं सस्पेन्शन दाबून मोजा, रिकाम्या गाडीवर मोजून उपयोग नाही. आपल्याकडचे गतिरोधक बघता ४ च घ्या, ६ इंचवाली एअर सस्पेन्शन लावून गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी, जी चालताना वर उचलता येते. आणि सामान जास्त मावेल असं धरू नका हां, वाढलेला भाग शेपटीकडे निमुळता असतो, रेनकोट जाईल, हेल्मेट नाही. जुन्या बॅगा कापू देऊ नका, मोल्डपुरत्या द्या आणि परत आणा, गाडी विकताना स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ बॅगांना किंमत मिळते.

मांजलपूरचा_रायडर
मनापासून आभार सगळ्यांचे. पाइप दोन्ही बाजूंना आहेत. मग ४ इंच, फायबर, झाकणं जुनीच. फायबर दादा, मोल्ड काढताना मूळ पेंटला मेण लावलं की पुरे का, की पीव्हीएपण (मोल्ड सहज सुटावा म्हणून मारायचा पातळ थर) मारायला सांगू?

फायबर_दादा
दोन्ही. मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक हात पुसून, मग वरून पीव्हीए. नवा मोल्ड आहे, घाई करू देऊ नका त्याला.