नवरा दुबईत, मी नाशिकला: त्याच्या पगारावर इथे कर लागेल का?

गोदाकाठ:
नवरा दुबईत नोकरीला, मी नाशिकला शाळेत शिकवते. सासऱ्यांच्या आजारपणामुळे या आर्थिक वर्षात तो जवळपास पाच महिने इथे होता. दीर म्हणतात, बायको आणि घर इथे म्हणजे तोही रेसिडेंट, करासाठी इथलाच रहिवासी. खरं आहे का? त्याचं इथलं उत्पन्न म्हणजे फ्लॅटचं भाडं. त्याने पाठवलेल्या पैशांच्या एफडी माझ्या नावावर आहेत. 3 हजारांच्या आत रिटर्न भरून देणारा सीए सुचवा.

सह्यकडा:
3 हजारांत एनआरआयचं काम कोण करतं? मी ठाण्यात 18 हजार मोजतो आणि निवांत असतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

न्यूजर्सीकर:
आमच्याकडे जोडीने रिटर्न भरतात. बायको पुण्यात होती तेव्हाही तिला रेसिडेंट धरायचा पर्याय घेतला. तिचा पुण्याचा पगार दाखवावा लागला, पण फायदाच झाला.

हिशेबनीस:
अमेरिकेचा इथे काय संबंध? भारतात जोडीचं रिटर्न नाहीच, ज्याचे त्याचे दिवस मोजतात. परदेशात नोकरी करणारा भारतीय नागरिक घरी आला तर रेसिडेंट ठरायची मर्यादा 182 दिवसांची. इथलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तरच 120 दिवसांची भानगड. बायको कुठे राहते हे बघतात ते दोन्ही देशांनी त्याला आपला रहिवासी म्हटलं तर, त्या दोन देशांतल्या कराच्या करारानुसार. पासपोर्टवरचे शिक्के बघून एप्रिल ते मार्च मोजा. यायचा-जायचा दोन्ही दिवस धरा, म्हणजे वाद नको.

दर्यावर्दी:
आम्हा जहाजवाल्यांचं वेगळंच. परदेशी फेरीला सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, साइन-ऑन, साइन-ऑफच्या (जहाजावर रुजू व्हायच्या, उतरायच्या) तारखा धरतात. माझ्या सीएने त्याच चुकवल्या आणि नोटीस मला आली.

सह्यकडा:
स्वस्तातला सीए घेतला की हेच होणार.

दर्यावर्दी:
तुमच्या सीएपेक्षा महाग होता, साहेब.

शारजावासी:
ताई, एफडी मोडा. बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्याच्या एनआरई खात्यात (एनआरआयने परदेशातली कमाई ठेवायचं खातं) एफडी केली तर व्याज करमुक्त. आमचं सगळं तिथेच आहे.

सह्यकडा:
एनआरईच करा. माझाही सीए हेच सांगतो.

हिशेबनीस:
एनआरईचं बरोबर आहे. पण मुख्य प्रश्न राहिला: इथे असताना तो लॅपटॉपवर कंपनीचं काम करत होता का? भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतातलाच धरतात, माणूस एनआरआय असला तरी. करारातून सूट मिळू शकते, पण त्याला तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागतं.

गोदाकाठ:
तो बिनपगारी रजेवर होता, काम केलं नाही. दिवस मोजले, 182 च्या बरेच आत आहेत. एफडी मात्र माझ्याच नावावर ठेवणार. सासऱ्यांना रात्री अ‍ॅडमिट केलं तेव्हा एक एफडी मी तिथल्या तिथे मोबाइलवरून मोडली, दुबईला फोन लावत बसावं लागलं नाही. व्याज त्याच्या रिटर्नमध्ये दाखवू. भाडं धरूनही 4 लाखांच्या आत बसतं, नव्या करपद्धतीत कर नाही. आणि सीए नकोच, रिटर्न मीच भरते.

हिशेबनीस:
भरा, पण आयटीआर-1 फॉर्म नको, एनआरआयला चालत नाही, आयटीआर-2 घ्या. भाडेकरू टीडीएस (भाडं देतानाच कापायचा कर) कापतो का तेही विचारा. मालक एनआरआय असला की त्याला कापावाच लागतो.