अनुभव धागा : ऐन विशीत हेअर ट्रान्सप्लांट करावे का?

दादरचा मामा

गेल्या रविवारी माझा बावीस वर्षांचा भाचा आमच्याकडे जेवायला आला होता. हात धुतल्यावर तो बेसिनच्या आरशासमोर बराच वेळ ओल्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारत उभा राहिला आणि मग मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, तू केलं होतंस ना? मीही करून टाकू का? दिवाळीपर्यंत पैसे जमतील." त्या प्रश्नाने मला २००४ सालचा मी आठवलो, म्हणून हा धागा काढत आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. डोक्याच्या मागून कातडीची पट्टी कापायची, तिच्यातील केसांची मुळे सुटी करायची आणि पुढे लावायची, अशी ती पद्धत होती. मी डॉक्टरांकडे शाळकरी मुलासारखी खाली आलेली, सरळ केशरेषा मागितली आणि त्यांनी ती दिली. गळती थांबवणाऱ्या औषधांविषयी मात्र कोणी अवाक्षरही काढले नाही. पाच-सहा वर्षे मी फार आनंदात होतो. त्यानंतर रोपलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस जाऊ लागले. मागून आणलेले केस नव्या जागीही आपला टिकण्याचा गुण राखतात, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ सालीच मांडले होते, पण शेजारच्या केसांना तो गुण लागत नाही, हे मला कोणी समजावले नव्हते. आज माझ्या कपाळावर केसांची एक पट्टी आहे आणि तिच्यामागे मोकळी टाळू. ती भरून काढावी, तर मागचा साठा पुरेसा उरलेला नाही. सगळेच केस बारीक करावेत, तर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा व्रण उघडा पडतो.

भाच्याला काय सांगावे, हे मला खरोखर कळत नाही. आपण कोणत्या वयात काय ठरवले आणि आज काय वाटते, ते कृपया लिहावे.

डोंबिवलीची आई

दादा, माझ्या मुलाला एकविसाव्या वर्षी डेंग्यू झाला. ताप उतरून अडीच महिने झाल्यावर उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर, जेवणाच्या ताटात केसच केस दिसू लागले. घाबरून त्याने आम्हाला न सांगता एका क्लिनिकमध्ये वीस हजार रुपये आगाऊ भरले. तेथे डॉक्टर भेटण्याआधीच टेबलाशी बसलेल्या मुलीने किती ग्राफ्ट (रोपायची केसांची मुळे) लागतील, त्याचा आकडा सांगितला होता. मी त्याला केईएमला नेले आणि केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी भिंगासारखे उपकरण टाळूला टेकवून आम्हाला दाखवले, की केस कमी असले तरी आहेत ते सगळे सारख्या जाडीचे आहेत. आनुवंशिक टकलात जाड केसांमध्ये बारीक होत चाललेले केस मिसळलेले दिसतात, तसे याचे नव्हते. तापानंतरची अशी गळती बहुधा आपोआप थांबते, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी थायरॉइड व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यायला सांगितले. आठ-नऊ महिन्यांत त्याचे केस भरून आले. आगाऊ भरलेल्या पैशांसाठी मी चार हेलपाटे घातले, पण ते परत मिळाले नाहीत.

चर्चगेट जलद

ताई, हे वाचून बरे वाटले. माझ्या धाकट्या भावालाही टायफॉइडनंतर असेच झाले आहे, त्याला आजच हे दाखवतो.

विरारहून

मी चोविसाव्या वर्षी ट्रान्सप्लांटची चौकशी केली आणि एकतिसाव्या वर्षी ते केले. मधली सात वर्षे मी थांबू शकलो, याचे श्रेय पहिल्याच भेटीत नकार देणाऱ्या डॉक्टरांना आहे. "तुझं टक्कल कुठपर्यंत जाणार, हे आज मलाही दिसत नाही; मग मी कुठे लावू?" असे ते म्हणाले होते. गळती रोखायला त्यांनी फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी आणि लावायला मिनॉक्सिडिल दिले. मिनॉक्सिडिलने पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्तच गळले, आणि हे आधी सांगितलेले नसते, तर मी बाटली फेकून दिली असती. गोळीने काहींच्या कामेच्छेवर परिणाम होतो. मला तसे जाणवले, तेव्हा मी संकोच न करता सांगितले आणि त्यांनी मात्रा बदलून दिली. एकतिसाव्या वर्षापर्यंत गळती बरीच स्थिरावली होती. मग एकेक मूळ काढण्याच्या पद्धतीने बावीसशे ग्राफ्ट लावले. आठवडाभर मी उशांना टेकून अर्धवट बसल्या स्थितीत झोपत होतो आणि पत्नी दर अर्ध्या तासाने सलाइनचा फवारा मारत होती. तिसऱ्या आठवड्यात रोपलेले केस गळून पडले, तेव्हा तीच जास्त घाबरली. पण मुळे आत राहतात आणि तीन-चार महिन्यांनी नवे केस उगवतात. खरे रूप दिसायला वर्ष लागले. औषध मी अजूनही घेतो, कारण ते बंद केले की टिकलेले केसही जातात.

परिचारिका

मी काही वर्षे अशा एका ठिकाणी काम केले आहे. डॉक्टर केशरेषा आखून निघून जात आणि छिद्रे पाडण्यापासून मुळे बसवण्यापर्यंतचे काम बारावी झालेली मुले करत. मी ती नोकरी सोडली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे या कामासाठी पुरेसे प्रशिक्षण नाही. चिरा कोण देणार आणि पूर्ण वेळ खोलीत कोण असणार, हे आपल्या भाच्याने आधी विचारावे. २०१९ साली मुंबईतच एका व्यावसायिकाचा अशा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला होता. भूल आणि औषधांची ॲलर्जी या गोष्टी हसण्यावारी नेण्याच्या नाहीत.

गिरगावकर

माझा अनुभव वेगळा आहे. लहानपणी चहाचे आधण अंगावर सांडून कानावरच्या भागात भाजल्याचा व्रण राहिला होता आणि तेथे केस नव्हते. मी चोविसाव्या वर्षी तेथे केस लावून घेतले आणि मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. व्रणावर सगळी मुळे धरत नाहीत, म्हणून ते दोनदा करावे लागले. पण माझ्या घराण्यात टक्कल नाही आणि व्रण काही वाढत जाणारा नव्हता. वय कोवळे असूनही म्हणूनच डॉक्टर तयार झाले.

लालबाग

वडिलांच्या दहाव्याला मी मुंडन केले, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. तोपर्यंत दोन स्थळांनी केसांवरूनच नकार दिला होता आणि आईने कर्ज काढून ट्रान्सप्लांट करायचे ठरवले होते. बाराव्याला चुलत बहीण म्हणाली, "असाच राहा, बाबांसारखा दिसतोस." मी केस पुन्हा वाढवले नाहीत. तीन वर्षांनी माझे लग्न झाले.

दादरचा मामा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल भाच्याला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वडिलांकडचे आणि आईकडचे, दोन्ही घरांचे विचारले, टाळूचे फोटो काढून ठेवले, औषध सुरू केले आणि वर्षभराने याच फोटोंशी ताडून मग शस्त्रक्रियेचे बोलू, असे सांगितले. परतताना तो गप्प होता. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्यावर त्याने माझा व्रण पाहायला मागितला. मी मान खाली घातली. त्याने बोटाने केस बाजूला करत तो या कानापासून त्या कानापर्यंत चाचपून पाहिला आणि विचारले, "दुखतं का रे अजून?"