गर्दीत उभा राहणारा माणूस कलाकार आहे की नाही?

आडवाट (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी चित्रपटांत आणि मालिकांत गर्दीतले काम करते. सेटवर आम्हाला कोणी ज्युनिअर आर्टिस्ट म्हणते, कोणी एक्स्ट्रा म्हणते, आणि घाई असली की आम्ही नुसते 'क्राउड' होतो: क्राउडला आत घ्या, क्राउडला बाजूला बसवा. मागे एका परिचितांनी मला विचारले, "म्हणजे तुम्हाला नुसते इकडून तिकडे चालायचे असते ना?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण त्यांना नीट उत्तर देता आले नाही, याची रुखरुख राहिली. माझे मत असे आहे की हे काम अभिनयाचेच आहे, आणि म्हणून ते करणाऱ्याला कलाकार म्हणून ओळख, श्रेयनामावलीत नाव आणि त्याला साजेसा मोबदला मिळायला हवा.

उपाहारगृहातला एखादा प्रसंग घ्या. पुढच्या टेबलावर दोन मुख्य पात्रांचे भांडण चालू असते आणि ध्वनिमुद्रकाला फक्त त्यांचेच आवाज हवे असतात. त्यामुळे मागे बसलेल्या तीस जणांना आवाज न काढता बोलावे लागते, आवाज न करता हसावे लागते आणि कप बशीवर असा ठेवावा लागतो की जरासुद्धा खणखण होणार नाही. चालणाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांना कधीकधी जाड कापड चिकटवलेले असते. अशाच एका प्रसंगात माझ्यासमोर जे गृहस्थ बसले होते, त्यांची माझी ओळख तासाभरापूर्वीची होती. आम्ही आपसांत ठरवले की आपण भाऊबहीण आहोत आणि वडिलांचे घर विकावे की नाही, हे बोलायला आलो आहोत. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. परंतु तेवढे ठरल्यावर ओठांच्या हालचालीला अर्थ आला, मध्येच गप्प बसण्याला कारण मिळाले, आणि हात कुठे ठेवावेत हा प्रश्नच उरला नाही.

पुढे तोच प्रसंग अकरा वेळा झाला. नायिका "मला माहीत होते" असे म्हणते तेव्हा माझा कप डाव्या हातात होता आणि ती उठते तेव्हा मी मान वळवली होती. हे अकराही वेळा तसेच व्हावे लागते, कारण संकलक तिसऱ्या टेकचा, म्हणजे तिसऱ्या वेळच्या चित्रीकरणाचा, अर्धा भाग नवव्या टेकला जोडू शकतो. मुख्य कलाकारांची कन्टिन्युइटी, म्हणजे कोणत्या क्षणी कोणाचे हात, वस्तू, कपडे कसे होते याचा मेळ, लिहून ठेवायला माणूस नेमलेला असतो. माझी कन्टिन्युइटी मलाच लक्षात ठेवावी लागते. थंडीच्या रात्री उन्हाळ्याचा प्रसंग असेल, तर तोंडातून वाफ दिसू नये म्हणून टेकच्या आधी बर्फाचा तुकडा चघळायचा आणि सुती कपड्यांत घाम पुसल्यासारखे करायचे. याला नुसते चालणे म्हणता येईल का?

दुसरी घंटा

मी आठ वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून काम केले असून त्यातला मोठा काळ गर्दी हलवण्यातच गेला आहे. कोण कधी निघेल, कुठून पासिंग देईल म्हणजे कॅमेऱ्यासमोरून जाईल, कोणत्या शब्दावर वळेल, हे मी ठरवत असे. त्यामुळे धागाकर्तीने सांगितलेला तपशील खरा आहे, हे आधीच मान्य करतो. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

अभिनयात नटाने घेतलेला निर्णय प्रसंगाला वळण देतो. मागच्या टेबलावरची भाऊबहीण नवराबायको झाली असती, तरी पुढच्या भांडणात तसूभर फरक पडला नसता. मी माणसे निवडत असे ती उंची, वय आणि कपड्यांचा रंग पाहून: पांढरा नको, भडक लाल नको, बारीक रेघांचा सदरा नको, कारण तो कॅमेऱ्यात लहरल्यासारखा दिसतो. अभिनय करू पाहणाऱ्या माणसाचीच मला अधिक धास्ती असे. अंत्यदर्शनाच्या एका प्रसंगात तिसऱ्या रांगेतले गृहस्थ इतके मनापासून रडले की सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले आणि चांगला जमलेला टेक टाकून द्यावा लागला. त्यांना समजावून सांगताना मलाच वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट. 'गांधी' या १९८२ च्या चित्रपटातील अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाली आणि तिला सुमारे ३ लाख माणसे होती. एका चित्रपटप्रसंगातील सर्वांत मोठी गर्दी म्हणून तिची विक्रमात नोंद आहे. त्यातले बहुतेक लोक स्वयंसेवक होते आणि त्यांनी कधी कॅमेरा पाहिलेला असण्याचे कारण नव्हते. तरीही प्रसंग अंगावर येतो. मग या कामाला खास कला लागते, असे कसे म्हणायचे?

नवोदितांसाठी एवढेच सांगतो की ही नट होण्याची पायरी समजू नका. गॅरी कूपर यांच्यासारखे मोठे नट मूकपटांच्या काळात गर्दीतून वर आले, हे दाखले सगळे देतात. पण शेजारी उभ्या असलेल्या हजारोंचे पुढे काय झाले, ते कोणी सांगत नाही.

हजेरीपट

मी चौदा वर्षे हे काम करते आहे आणि माझाही धागाकर्तीला विरोध आहे, पण वेगळ्या कारणासाठी. आम्हाला कलाकार म्हणू नका. कामगार म्हणा.

'कलाकार' या शब्दाने आमचे आजवर फार नुकसान केले आहे. पैशांचा विषय काढला की "चेहरा दिसेल", "संधी आहे", "पुढे बघू" असे ऐकायला मिळते. काम देण्याआधीच नावनोंदणीचे आणि फोटोंचे पैसे मागणारे लोक याच शब्दावर जगतात. हे नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी हॉलीवूडमध्ये कामाच्या आशेने स्टुडिओंच्या फाटकांवर गर्दी लोटत असे आणि मधले दलाल त्या लोकांकडून पैसे उकळत. हे इतके वाढले की अखेर १९२५ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेलाच 'सेंट्रल कास्टिंग' ही मध्यवर्ती यंत्रणा उभी करावी लागली. फसवणूक आटोक्यात आली ती नोंदणी आणि नियमांमुळे. कोणी कलाकार म्हणून गौरव केल्यामुळे नव्हे.

माझा एक अनुभव सांगते. पावसाच्या प्रसंगाची तिसरी रात्र होती. दोन टेकच्या मध्ये मुख्य कलाकारांच्या अंगावर कोरडे पंचे टाकले जात होते आणि आम्ही साठ जण ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे होतो. माझ्या शेजारच्या मुलीचे दात वाजू लागले म्हणून मी कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे गर्दीची माणसे पुरवणाऱ्याकडे, पंचा मागितला. ते म्हणाले, "कलेसाठी थोडे सोसावे लागते." त्या तीन रात्रींचे पैसे चौथ्या महिन्यात हाती आले, तेही त्यांचा वाटा कापून. कामगाराला असे उत्तर द्यायला माणूस निदान कचरला असता.

मला श्रेयनामावलीत नाव नको. ठरलेल्या तासांनंतरचा ओव्हरटाइम हवा, बसायला खुर्ची हवी, कोरडे कपडे हवेत, आणि पॅकअपनंतर पैसे कधी मिळणार ती तारीख लेखी हवी.

आडवाट (धागाकर्ती)

दोघांनाही उत्तर देते.

दुसरी घंटा, अंत्ययात्रेचे उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलेत, पण मला ते माझ्या बाजूचे वाटते. ३१ जानेवारी हा प्रत्यक्ष अंत्ययात्रेचाच दिवस होता. त्याला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती आणि आलेल्या कित्येकांना तो मूळ दिवस आठवत असणार. त्यांना शोक शिकवावा लागला नाही. शिवाय इतक्या मोठ्या चित्रीकरणातून पडद्यावर जेमतेम दोन मिनिटे आली. उपाहारगृहातल्या तीस जणांकडे ना तशी आठवण असते, ना त्यांना एकदाच करायचे असते. त्यांना परक्या आठवणी स्वतःच्या करून त्या अकरा वेळा तशाच दाखवाव्या लागतात. आणि रडणारे गृहस्थ चुकले ते अभिनय केल्यामुळे नव्हे, त्याचे माप चुकल्यामुळे. माप चुकू शकते, म्हणजेच तिथे कौशल्य आहे.

हजेरीपट, तुमचा अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमची प्रत्येक मागणी मला मान्य आहे, आणि आता विचार करता श्रेयनामावलीचा मुद्दा मी विनाकारण पुढे ठेवला, असे वाटते. पंचा आधी हवा. तरीही कलाकार हा शब्द मी सोडणार नाही. दलालाने शब्द वाईट वापरला म्हणून तो त्याच्याच हाती का ठेवायचा? गवंडी कसबी आहे म्हणून त्याची मजुरी कोणी कमी करत नाही, उलट अधिकच देतात. आमचे कसब मान्य होत नाही, तोवर "उद्या दुसरे कोणी आणू" हे वाक्य ऐकावेच लागेल.

रेघोटी

मी दृश्यपरिणामांच्या विभागात काम करतो, म्हणजे पडद्यावरची गर्दी संगणकावर वाढवणे हा माझा रोजचा उद्योग आहे. माणसांऐवजी दुसरे काही वापरण्याची धडपड जुनी आहे. 'सीबिस्किट' या २००३ च्या घोड्यांच्या शर्यतीवरील चित्रपटात प्रेक्षागार भरायला हवेने फुगवलेले पुतळे बसवले आणि त्यांच्यामध्ये खरी माणसे पेरली. त्याच सुमारास आलेल्या 'मॅसिव्ह' या संगणकप्रणालीमुळे हजारोंचे सैन्य पडद्यावर स्वतंत्रपणे हालचाली करू लागले. आता तर माणसालाच चहूबाजूंनी कॅमेऱ्यांमध्ये उभे करून त्याची प्रतिकृती घेता येते.

२०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला, त्यात हा मोठा मुद्दा होता. गर्दीतील कलाकाराची प्रतिकृती एका दिवसाच्या पैशांत घेऊन ती कायमची वापरण्याचा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे, असा संघटनेचा आरोप होता. निर्मात्यांच्या संघटनेने तो नाकारला. शेवटी झालेल्या करारात प्रतिकृतीसाठी संमतीची अट आली, आणि जितकी माणसे कामावर घेण्याचे बंधन आहे ती संख्या प्रतिकृतींनी भरता येणार नाही, असेही ठरले.

म्हणून हा वाद केवळ शब्दांचा नाही, असे मला वाटते. गर्दीतला माणूस म्हणजे उंची, वय आणि कपडे एवढेच असेल, तर ते मी एका दुपारी मोजून घेऊ शकतो आणि पुढे त्याला बोलवायची गरज राहत नाही. तो काही करत असेल, तर त्याचे ते करणे त्याच्या मालकीचे आहे. दुसरी घंटा, तुमची व्याख्या मान्य झाली तर तिचा उपयोग कोण करील, याचा कृपया विचार करावा.

दुसरी घंटा

विचार केला. लांबच्या रांगा संगणकाने भरल्या जातील आणि ते थांबणार नाही, असे मला अजूनही वाटते. पण नायकाच्या खांद्यामागे दिसणाऱ्या पहिल्या दोन रांगांसाठी मी नेहमी अनुभवी माणसेच मागून घेत असे आणि ती मिळाली नाहीत की दिवसाचे काम रखडत असे, हेही तितकेच खरे आहे. मी त्याला कसब म्हणेन. अभिनय म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

हजेरीपट

रेघोटी, तुम्ही लिहिलेली संमती कागदावर असते. पहाटे पाचचा कॉल टाइम म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, पुढे चाळीस जणांची रांग आणि हजेरीच्या कागदावर बारीक अक्षरांत ते वाक्य. अशा वेळी कोण वाचणार आणि नाही कोण म्हणणार? आडवाट, तुमच्यापुढे असा कागद आला आहे का? आणि आला असल्यास तुम्ही काय केलेत?

आडवाट (धागाकर्ती)

आला आहे, गेल्याच आठवड्यात. "माझी प्रतिमा कोणत्याही स्वरूपात, कितीही काळ वापरण्यास माझी हरकत नाही" असे वाक्य होते. त्याचा अर्थ काय, असे मी विचारले, तेव्हा समोरच्या मुलाला तो सांगता आला नाही. मी त्या वाक्यावर रेघ मारून खाली सही केली. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या कागदाकडे पाहिले आणि पेन मागून घेतले. चाळिसांपैकी आम्ही सात जणांनी ते वाक्य खोडले. आम्हाला पहिल्या प्रसंगाला घेतले नाही; दुपारी माणसे कमी पडली तेव्हा बोलावले. पूर्ण शिफ्टचे पैसे मिळाले आहेत. पुढच्या कामासाठी त्या कोऑर्डिनेटरचा फोन मात्र अजून आलेला नाही.