सिरॅक्यूज लॅक्रॉसचा इतिहास बाबांना कुठून दाखवायला सुरुवात करू? सल्ला हवाय

सांगलीची_लेक

मंडळी, थोडा वेगळा प्रश्न आहे, पण इथं न्यूयॉर्क राज्यातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय, दुसरं वर्ष, आणि डोममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये, खाण्याच्या काउंटरवर पार्टटाइम काम करते. फेब्रुवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि आत छताखाली लॅक्रॉसचा सीझन सुरू झालेला असतो. काउंटरवर सत्तरीचे आजोबा येतात, अंगात २२ नंबरची जर्सी, आणि पॉपकॉर्न घेता घेता १९८८ ची मॅच काल संध्याकाळी झाल्यासारखी सांगतात. ऐकताना छान वाटतं, पण मागचंपुढचं काहीच माहीत नसल्यामुळे मला अर्धं समजतच नाही.

आता बाबा मार्चअखेर येतायत, आठ आठवडे राहणार आहेत. गेली तीस वर्षं तालमीत पोरांना कबड्डी शिकवतायत, त्यामुळे खेळ म्हटलं की त्यांना सगळं मुळापासून हवं असतं. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना पाच मिनिटं मॅच दाखवली तर म्हणाले, काठीला जाळी, जाळीत चेंडू, दहा-दहा माणसं, कळलं सगळं, पण हा खेळ मुळात कुणाचा गं? मला उत्तर देता आलं नाही. नंतर नेटवर शोधलं तर सगळीकडे कपांची यादी, अमुक साली जिंकले, तमुक साली जिंकले. ती वाचून दाखवली तर बाबा दोन मिनिटांत चहा टाकायला उठतील.

तर जुन्या कुठल्या मॅच बघाव्यात, कुठं घेऊन जावं, आणि सुरुवात कुठून करावी, सांगा ना.

डोमकर

ताई, मी तिथं सात वर्षं होतो, नोकरी निमित्त, आणि घरची एकही मॅच चुकवली नाही म्हणून हक्कानं लिहितोय. यादी बाजूला ठेव. बाबा तालमीतले आहेत ना, मग त्यांना घराणं म्हणून सांग, लगेच कळेल.

टीम सुरू झाली १९१६ मध्ये. सुरू केली लॉरी कॉक्स नावाच्या प्राध्यापकानं, आणि हा माणूस शिकवायचा काय, तर लँडस्केप आर्किटेक्चर. तू ग्रीन लेक्स पार्कला गेली असशीलच, ते निळंहिरवं तळं, त्या पार्कचा पहिला आराखडा याच कॉक्स यांनी केलेला. बाबांना तिथं फिरायला नेशील तेव्हा सांग की हा बाग आखणारा माणूसच टीमचा पहिला गुरू. त्यांच्यानंतर १९३१ मध्ये गादीवर आले रॉय सिमन्स, ते थेट १९७० पर्यंत, आणि मग त्यांचाच मुलगा, त्याचंही नाव रॉय सिमन्स, १९७१ ते १९९८. बाप चाळीस सीझन आणि मुलगा अठ्ठावीस. मुलगा पेशानं शिल्पकार. मग त्यांच्याच हाताखाली खेळलेले आणि त्यांच्याच शेजारी असिस्टंट राहिलेले जॉन डेस्को, २०२१ पर्यंत. आणि आता गॅरी गेट, तेही धाकट्या सिमन्सचेच चेले. म्हणजे १९३१ पासून आजपर्यंत बाहेरचा कोच आलेलाच नाही. हे ऐकून तालमीतला माणूस मान डोलावणारच.

आता मॅच. पहिली बघायची ती १९८३ ची फायनल, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीविरुद्ध. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सिरॅक्यूज ५-१२ नं मागं होतं आणि जिंकलं १७-१६. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या स्पर्धेतलं सिरॅक्यूजचं ते पहिलं विजेतेपद, आणि त्या दिवसाआधी सिरॅक्यूजला मोठ्या टीममध्ये कुणी धरत नव्हतं, बाल्टिमोरकडच्या आणि आयव्ही लीगच्या कॉलेजांचा तो खेळ मानला जायचा.

दुसरी १९८८ ची सेमीफायनल, पेन म्हणजे पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीविरुद्ध, तुझ्याच डोममध्ये झालेली. आजोबा सांगतात ती हीच असणार. गॅरी गेट आणि पॉल गेट हे जुळे भाऊ कॅनडातून, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरियाहून आलेले. तिकडं उन्हाळ्यात आइस हॉकीच्या रिंकमध्ये बॉक्स लॅक्रॉस खेळतात, जागा कमी, भिंती जवळ, त्यामुळे गर्दीतून हात कसा काढायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं. गॅरी गोलच्या मागून धावत आला, क्रीजवरून, म्हणजे गोलभोवती आखलेल्या वर्तुळावरून, हवेत उडी मारली आणि वरच्या दांडीवरून चेंडू आत घातला. दोनदा. त्या मॅचमध्ये एकट्याचे ९ गोल, स्कोअर २३-५. लोक अजून त्याला 'एअर गेट' म्हणतात, आणि नंतर नियम करून तो प्रकार बंद केला गेला. त्या वर्षी टीम एकही मॅच हरली नाही.

२२ नंबर गॅरीचा. तो पुढं चार्ली लॉकवूडकडं गेला, मग पॉवेल भावांकडं, केसी, रायन आणि मायकेल, तिघंही सिरॅक्यूजच्या उत्तरेला असलेल्या कार्थेज गावचे, तिघांनीही २२ घातला. धाकट्या मायकेलची शेवटची मॅच म्हणजे २००४ ची फायनल, नेव्ही अकादमीच्या टीमविरुद्ध १४-१३, शेवटचा निर्णायक गोल त्याचाच. ही मॅच बाबांना पूर्ण दाखव, तुकडे नको.

लिव्हरपूलची_मावशी

अगं, वरच्या दादांनी सुरेख लिहिलंय, पण तुझ्या बाबांचा प्रश्न 'हा खेळ कुणाचा' असा आहे ना, त्याचं उत्तर १९१६ मध्ये नाही.

खेळ ओनोंडागांचा, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांचा. आणि ते धरून मोहॉक, ओनायडा, कायुगा, सेनेका, टस्करोरा, या सहांचा मिळून जो संघ आहे त्या हौडेनोशोनी लोकांचा. तू ज्या टेकडीवर शिकतेस ती ओनोंडागांचीच जमीन, आणि त्यांचं आजचं गाव तुझ्या कॅम्पसपासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर, दक्षिणेला. मी इथं अठरा वर्षं राहतेय आणि पहिली सहा वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. त्यांच्या लेखी हा खेळ निर्मात्यानं दिलेला आहे, औषध म्हणून. कुणी आजारी असेल, गावावर काही संकट असेल, तर खेळ मांडतात. बाळाच्या पाळण्यात छोटी काठी ठेवतात आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर पुरतात.

काठी हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाची. ओंडका फाडायचा, वाफेवर मऊ करून टोक वाकवायचं, वाळवायचं, मग तासायचं, मग वादीनं जाळी विणायची, महिनोन्‌महिने जातात एका काठीला. ओनोंडागातले आल्फ जॅक्स आपल्या वडिलांबरोबर लहानपणापासून हे करायचे, वर्षाला हजारो काठ्या जायच्या, मग १९७० च्या सुमारास प्लास्टिकच्या डोक्याची काठी आली आणि धंदा बसला, तरी ते करतच राहिले, २०२३ मध्ये गेले तोवर. एकदा एका कार्यक्रमात त्यांना काम करताना पाहिलंय मी. खालीवर होणारी रंध्याची पट्टी आणि पायाशी पडलेल्या पिवळ्या ढलप्या, एवढंच मला आठवतं, बोलणं कमी.

एक गोष्ट लक्षात ठेव. त्यांच्या परंपरेत पुरुषांच्या लाकडी काठीला बायकांनी हात लावायचा नसतो. कुणाच्या हातात दिसली तर तू लांबूनच बघ, बाबांना विचारून घेऊ दे. त्यांचं घर, त्यांची रीत.

जायचं कुठं म्हणशील तर सिरॅक्यूजला लागून असलेल्या आमच्या लिव्हरपूलमध्ये ओनोंडागा तळ्याच्या काठी स्कानोन सेंटर आहे, तिथं आधी ने. डोम नंतर. त्यांच्या गोष्टी तिथं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतात.

डोमकर

मावशी, मान्य, माझं चुकलंच, तुमच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. आणि टीमच्या इतिहासातही ते ठायी ठायी आहे. १९५७ ची टीम घ्या, दहापैकी दहा मॅच जिंकली. लोक ती ओळखतात जिम ब्राउनमुळे, जो पुढं अमेरिकन फुटबॉलचा एवढा मोठा खेळाडू झाला, त्या सीझनला त्याचे ४३ गोल होते. एकाच दिवशी आधी ॲथलेटिक्समध्ये उंच उडी आणि थाळीफेक जिंकून मग कपडे बदलून आर्मी अकादमीच्या टीमविरुद्ध लॅक्रॉस खेळलेला माणूस. पण त्या टीमचा गोलकीपर कोण होता? ओरेन लायन्स, ओनोंडागा. आणि त्याच टीममध्ये धाकटा रॉय सिमन्स. तिघं एका ड्रेसिंग रूममध्ये. लायन्स पुढं आपल्या लोकांचे धर्मरक्षक झाले, जगभर त्यांच्या वतीनं बोलले, आणि १९८३ मध्ये, म्हणजे सिरॅक्यूजनं पहिला कप घेतला त्याच वर्षी, त्यांनी आणखी काही जणांबरोबर हौडेनोशोनींची स्वतःची राष्ट्रीय टीम उभी केली.

आणि म्हणूनच एक मॅच राहिली होती ती आता सांगतो. २००९ ची फायनल, कॉर्नेलविरुद्ध. पाचेक मिनिटं उरलेली आणि ६-९ नं मागं. शेवटचे चार-पाच सेकंद राहिले असताना बरोबरी झाली, माझ्या बायकोनं तोवर टीव्ही बंद करायला रिमोट हातात घेतलेला. एक्स्ट्रा टाइममध्ये सिड स्मिथनं कॉर्नेलच्या माणसाकडून चेंडू काढला आणि पुढं कोडी जेमिसननं गोल मारला, १०-९. स्मिथ आणि जेमिसन दोघंही ओंटारियोतल्या सिक्स नेशन्स वस्तीचे, हौडेनोशोनी. बाबांना ही मॅच सगळ्यात शेवटी दाखव.

बाल्टिमोरवाला

सिरॅक्यूजच्या धाग्यावर आमचं नाव आलंच आहे तर दोन ओळी. हॉपकिन्सची टीम १८८३ पासूनची, १९२८ च्या ॲमस्टरडॅम आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला लॅक्रॉसचे प्रदर्शनी सामने झाले तेव्हा अमेरिकेकडून आमचीच टीम उतरली. त्यामुळे कॉलेज लॅक्रॉसचा इतिहास समजायचा तर आमच्या होमवूड फील्डवर एकदा यायलाच हवं, उघडं मैदान आहे, एप्रिलात हवाही चांगली असते. १९८३ ची फायनल आमच्या घरात अजून कुणी लावत नाही, पण डोमकरांची निवड बरोबर आहे, तीच पहिली बघा.

मुलुंडचा_मी

मी लॅक्रॉस कधी पाहिलेलं नाही, पण बाबांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट माहीत आहे. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आलं तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, आयओसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या, अधिवेशनात झाला. त्याच ठरावात लॅक्रॉसही आलं, सहा-सहा खेळाडूंचं. आपल्याकडच्या बातम्यांत फक्त क्रिकेट होतं.

लिव्हरपूलची_मावशी

हो, आणि तिथंच सगळं अडलंय बघ. हौडेनोशोनी टीम जागतिक स्पर्धेत २०१४, २०१८, २०२३ अशी सलग तीनदा तिसरी आली, पण ऑलिंपिकला जायचं तर स्वतःची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती लागते आणि ती त्यांना नाही. २०१० मध्ये तर इंग्लंडनं त्यांचे पासपोर्ट मानले नाहीत म्हणून मँचेस्टरची अख्खी स्पर्धा हुकली होती, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घ्यायला ते तयार झाले नाहीत. खेळ ज्यांचा, त्यांनाच दारात थांबवायचं, हे मला पटत नाही, आणि तुझ्या बाबांनाही पटणार नाही.

ठाणे_ते_टोरंटो

१९९० चं काय? त्या वर्षी पण सिरॅक्यूजच जिंकलं होतं ना? काही ठिकाणी १० कप लिहितात, काही ठिकाणी ११.

डोमकर

जिंकले मैदानावर, पण नंतर एनसीएएनं ते विजेतेपद काढून घेतलं, एका खेळाडूच्या गाडीच्या कर्जाला कोचच्या पत्नीनं हमी दिली होती हे नियमाबाहेरचं ठरलं. त्यामुळे अधिकृत १०, शेवटचं २००९ चं. काउंटरवरच्या आजोबांना विचाराल तर ते ११ च म्हणतील. मी पण.

तिकिटाचं सांगायचं राहिलं. एप्रिलअखेरपर्यंत नेहमीच्या मॅच, मग मे महिन्यात एनसीएए. २०१३ नंतर थेट २०२५ ला टीम शेवटच्या चारात पोचली, तेव्हापासून गर्दी वाढलीय, कोपऱ्यातली सीट घेऊ नकोस, गोलच्या मागची घे, कारण या खेळात निम्मी मजा गोलच्या मागून चालते आणि टीव्हीवर ती दिसत नाही.

सांगलीची_लेक

मंडळी, उशीर झाला लिहायला, बाबा इथंच आहेत अजून. मावशींचं ऐकलं, आधी स्कानोन सेंटर, मग बाकीचं.

तिथं बाबा एका काठीपुढं किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही, पण माझी कॉफी गार झाली. वाकवलेल्या टोकाकडं बोट करून म्हणाले, हे चिरून नाही, वाकवून केलंय, रेषा बघ लाकडाची, कुठं तुटलेली नाही. मग त्यांनी तिथल्या बाईंकडून 'ओनोंडागा' चा उच्चार तीनदा करून घेतला आणि त्यांच्या त्या छोट्या डायरीत देवनागरीत लिहून घेतला.

डोममध्ये गोलच्या मागं बसलो. मला वाटलं होतं ते चेंडू शोधत बसतील, पण ते सगळा वेळ बचाववाल्यांचे पाय बघत होते. साखळी आहे ही, म्हणाले, एक सरकला की दुसरा सरकतोय, आमची पोरं इथंच मार खातात. हाफटाइमला ते २२ नंबरवाले आजोबा दिसले, मी ओळख करून दिली, आणि माझ्याकडून भाषांतर करवून घेत दोघांचं गेट भावांवर वीस मिनिटं चाललं. आजोबांनी ती उडी हातवारे करून दाखवली. २००९ ची मॅच काल रात्री बघितली, शेवटचा गोल बाबांनी मागं नेऊन चार वेळा लावला, आणि स्मिथनं चेंडू काढला तो भाग सहा वेळा.

आता त्यांना ओनोंडागांची स्वतःची टीम बघायचीय, रेडहॉक्स, उन्हाळ्यात त्यांच्याच अरीनात बॉक्स लॅक्रॉस खेळतात ती, आणि त्यासाठी परतीचं तिकीट पुढं ढकल म्हणतायत. मावशी, बाहेरच्यांनी तिथं जाताना आणखी काय पाळायचं असतं, आणि गाडी नाहीये माझ्याकडं, तर तिथवर पोचायचं कसं?

लिव्हरपूलची_मावशी

मी येते ना न्यायला. तारीख कळव, तुझ्या बाबांसाठी भाकरी घेऊन येईन.