मदत हवी आहे: जुन्या फोटोत रंग भरले, पण चेहरा गेरू फासल्यासारखा दिसतोय

निशिगंध७:
पणजीचा कृष्णधवल फोटो रंगवतेय. खुर्ची, दागिने, मागचा पडदा जमलं. चेहऱ्याला त्वचेचा कुठलाही रंग दिला तरी गेरू फासल्यासारखा दिसतो. ओपॅसिटी (रंगाची दाटी) कमी केली की आजारी, करडा. नेटवरचे चार रंगकोड वापरून झाले. रविवारी फ्रेमवाल्याकडे द्यायचाय. नेमका कोड सांगा, प्लीज.

पारवा:
सॉफ्टवेअर कोणतं? लेअरचा मोड, म्हणजे रंगाचा थर खालच्या चित्रात मिसळायची रीत, कोणता? स्कॅन रंगीत की ग्रेस्केल (नुसता काळा-करडा-पांढरा)? एवढं कळल्याशिवाय कोड देऊन उपयोग नाही.

खडूफळा:
इतका खटाटोप कशाला? फोटोशॉपमध्ये न्यूरल फिल्टर्स > कलराइझ, आउटपुट नव्या लेअरवर. दोन मिनिटांचं काम.

पारवा:
त्यात बऱ्याचदा कुंकू करडंच राहतं आणि चेहऱ्याचा रंग केसांच्या कडेवर सांडतो, खडूफळा. पडद्याला चालेल, चेहऱ्याला नाही.

खडूफळा:
मास्क (लेअरचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून पुसता येतं की. हाताने रंगवलं तर कडा बिघडत नाहीत का?

निशिगंध७:
माझ्याकडे गिंप २.१० आहे, फोटोशॉप नाही. मोड नॉर्मल, ओपॅसिटी ४०. स्कॅन दुकानातून आणलाय, ६०० डीपीआय, पिवळट आहे. आता कोड?

पारवा:
दुखणं नॉर्मल मोडमध्ये आहे. त्याने खालच्या सावल्यांवर एकाच उजेडाचा थर बसतो, म्हणून गेरू. शिवाय त्वचेला एकच रंग नसतो. सावलीत ती लालसर आणि गडद, उजेडात पिवळसर आणि फिकी असते. एक कोड चालणारच नाही, तीन लागतात.

आधी स्कॅनचा पिवळेपणा काढा. कलर्स > कंपोनंट्स > एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट, त्यात लाल चॅनल. पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वांत ठळक दिसतात, लालमध्ये सर्वांत कमी. प्रतिमेचा मोड मात्र आरजीबीच ठेवा.

मग त्या लेअरची प्रत काढा. ग्रेडियंट एडिटरमध्ये नवा ग्रेडियंट (गडदपासून उजळपर्यंत सरकणारा रंगपट्टा) करा, आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने: गडद टोकाला ९२, ५२, ४०, मध्ये १८४, १३४, १००, उजळ टोकाला २४०, २१४, १८६. हे गव्हाळ वर्णासाठी. कलर्स > मॅप > ग्रेडियंट मॅप लावा, लेअरचा मोड एलसीएच कलर करा. एचएसएल कलर नको, त्यात डोळ्याला दिसणारा उजेड बदलतो. काळा मास्क जोडा आणि मऊ ब्रशने त्वचेपुरतं पांढरं रंगवा. केसांच्या कडेला ब्रशची ओपॅसिटी २० टक्क्यांवर.

शेवटी वेगळ्या लेअरवर गाल, नाकाचं टोक आणि कानाच्या पाळ्यांना किंचित लाली, १० टक्क्यांच्या आसपास. ही राहिली की चेहरा मेणाचा वाटतो. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराफेक करू नका.

रानजाई:
रंग बघताना मॉनिटरचा नाइट लाइट बंद ठेवा. तो चालू असेल तर प्रिंट निळसर येते.

शाईदौत:
मूळ फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, इमल्शन (चित्र असलेला वरचा थर) सुटतं. काचेसकट स्कॅन करा.

निशिगंध७:
चिकटलेला नाही हो. पारवा, तुमच्या रीतीने खूप फरक पडला! पण कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरेच राहिलेत. आणि ओठ जांभळे का दिसतात?

पारवा:
एलसीएच कलर उजेड खालच्या लेअरचा घेतो, म्हणून शुद्ध पांढऱ्यावर रंग नीट चढत नाही. खालच्या लेअरला लेव्हल्समध्ये आउटपुटचं वरचं टोक २५५ वरून २३८ वर आणा. रंग चढेल.

अबोली:
ओठांचं कारण वेगळं आहे. फोटो कधीचा?

निशिगंध७:
१९३५ च्या आसपासचा, स्टुडिओतला.

अबोली:
मग फोटो काढलेली काचेची प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक असण्याचा संभव मोठा. तिला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. ओठ आणि कुंकू काळपट उतरतात, गव्हाळ चेहराही आहे त्याहून सावळा दिसतो. अशा काळपट ओठांवर लाल चढवला की जांभळा होणारच. आधी खालच्या लेअरवर फक्त ओठ निवडा, कडा ४ पिक्सेल मऊ करा आणि कर्व्ह्जने मधला भाग थोडा उचला. मग विटकरीकडे झुकणारा लाल द्या. कुंकवालाही तसंच. चेहऱ्याचा वर्ण फोटोवरून ठरवू नका, ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना विचारा.

खडूफळा:
एवढा फरक पडतो? मग साडीचं काय?

अबोली:
तेच विचारणार होते. साडी चंद्रकळा असेल तर अशा प्लेटवर लाल काठ काळ्या अंगात मिसळून जातो. फोटोत काठ दिसत नाही म्हणजे तो नव्हता, असं नाही.

निशिगंध७:
अगं बाई, मी सगळी साडी काळीच रंगवलीय. ओठ उजळून मग रंगवले, आता बरोबर दिसतायत. काठाचं आज आत्याला विचारते आणि इथेच लिहिते.