मास्कची फटही बघा

नेब्युलायझर म्हणजे पातळ औषधाचे वाफेसारखे बारीक थेंब करून ते मास्कमधून श्वासात देणारं मशीन. जेट प्रकारात हे काम हवेच्या जोराने होतं, मेश प्रकारात थरथरणाऱ्या बारीक जाळीने. मेश नेब्युलायझर जेटपेक्षा जास्त औषध पोचवतो असं म्हणतात, ते बरोबर आहे. जेटच्या औषध भरायच्या कपात 1 मिलीच्या आसपास औषध तळाशी उरतंच, मेशमध्ये त्याहून बरंच कमी. पण लहान मुलांच्या बाबतीत खरा घोटाळा मशीनमध्ये नसतो, मास्कमध्ये असतो.

माझी लेक रडायची म्हणून मी मास्क दोन बोटं लांब धरायचे. वाफ सगळी डोळ्यांत, पापण्या ओल्या. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, एवढ्या फटीनेही छातीत जाणारं औषध फार कमी होतं; रडतानाही ते घशातच अडकतं. आता ती मांडीवर शांत बसली की मास्क गालांना नीट टेकवूनच देते. मशीन तेच जुनं जेट आहे, पण खोकला लवकर बसतो.